सून, मी, ढकल

माझं काम नेमकं काय, हे मला आयुष्यभर कुणाला एका दमात सांगता आलं नाही. 'स्पीच थेरपिस्ट' म्हटलं की कुणी विचारायचं, "म्हणजे भाषण करायला शिकवता?" कुणी बोबडं बोलणारा नातू घेऊन यायचं. बोबडी मुलं यायचीच, आणि ती मला आवडायचीही. पण माझी बहुतेक माणसं पन्नाशी-साठीच्या पुढची. झटका येऊन गेलेली, उजवा हात परक्याची वस्तू सांभाळावी तसा मांडीवर घेऊन बसलेली. जीभ हलते, आवाज आहे, समोर कोण आलंय ते कळतं, चहात साखर कमी पडली तेही कळतं. फक्त बोलणं गेलेलं असतं. ह्याला वाचाघात म्हणतात. मेंदूचा एक कोपरा रक्तावाचून कोमेजतो आणि तिथं राहणारी भाषा घर सोडून जाते. कुठं जाते कोण जाणे. तिची वाट बघत बसण्याचा मी पगार घेत होते.

सोलापुरातल्या ज्या दवाखान्यात मी निवृत्त होईपर्यंत होते, तिथं माझी खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. खिडकीबाहेर चिंच. दुपार कलली की ऊन तिच्या पानांतून गाळून टेबलावर उतरायचं, आणि पलीकडे पूर्व भागातून यंत्रमागांचा खटखटाट इतका एकसुरी यायचा की थोड्या वेळानं तो ऐकू येणंच थांबायचं. त्या उजेडात माणसं शब्द शोधत बसायची आणि मी त्यांच्याबरोबर. पुष्कळदा वाटायचं, आम्ही दोघं एका संथ तळ्याकाठी बसलोय आणि तळातून काय वर येतंय ते बघतोय.

काय येईल ह्याचा काही नेम नसायचा. टेंभुर्णीचे एक एसटी कंडक्टर होते, त्यांच्याजवळ "पुढं सरका" एवढंच उरलं होतं. पाणी हवं तर "पुढं सरका", बायकोचा राग आला तरी तेच, आणि मी निघाले की हात जोडून, अगदी गहिवरून, "पुढं सरका." बांगड्या विकणारे एक चाचा होते, घरी दखनी उर्दू बोलणारे. त्यांची सगळी भाषा गेली. राहिलं ते 'नक्को', आणि शब्दाला चिकटणारा एक 'इच': "मैंइच. वोइच." हा 'इच' म्हणजे आपल्या मराठीचा 'च'. शेजारणीकडून विरजण न्यावं तसा दखनीनं कधीतरी तो नेला, आणि चाचांच्या मेंदूत बाकी सगळं विझलं तरी हे उसनं विरजण तेवढं टिकलं.

मी कुर्डुवाडीच्या शाळेत शिकले. वडील रेल्वेत होते. गाड्यांच्या शिट्ट्या ऐकत आम्ही मुली "स ला ते, स ला ना ते" असं तालात घोकायचो आणि परीक्षा झाली की विसरायचो. ते प्रत्यय म्हणजे नेमकं काय, हे मला नोकरीत कळलं, ज्यांचे ते हरवले होते त्यांच्याकडून. वाचाघाताचा एक प्रकार असा असतो की माणसाजवळ शब्द राहतात पण शब्दांना जोडणारं काही राहत नाही. 'घर' राहतं, 'घरात' आणि 'घरून' जातं. अशा माणसाचं बोलणं म्हणजे एकेक सुटा शब्द. तो ऐकणाऱ्याच्या ओटीत पडतो, आणि ऐकणारा आपल्या मनाप्रमाणे ते शब्द जोडून घेतो.

राजव्वा अशाच होत्या.

साठी उलटलेल्या, बारीक अंगाच्या, तेलुगू घरातल्या. नवरा मागावर होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचा मुलगा श्रीनिवास शाळांचे गणवेश शिवायच्या कारखान्यात कटिंगला होता. तिथंच काम करणाऱ्या महादेवीशी त्यानं लग्न केलं. महादेवी अक्कलकोटकडची, घरी कन्नड बोलणारी. राजव्वांना हे लग्न मान्य नव्हतं. पहिले कित्येक महिने त्या सुनेशी बोलल्याच नाहीत, आणि बोलायला लागल्या तेव्हा मराठीत. गंमत अशी की सासूला महादेवीच्या कन्नडात 'अत्ते' म्हणतात आणि राजव्वांच्या तेलुगूत 'अत्ता'. एवढा शब्द सारखा असून दोघी भांडायच्या मात्र तिसऱ्याच भाषेत.

झटका आला त्या दिवशी घरात ह्या दोघीच होत्या. शेजारी धावत आले तेव्हा राजव्वा स्वयंपाकघरात आडव्या पडलेल्या, महादेवी भिंतीशी कपाळ धरून बसलेली, आणि दोघींच्या मध्ये माळ्यावरचं पितळी घंगाळ लवंडलेलं. चार दिवसांनी राजव्वांच्या तोंडून पहिले शब्द आले, तेही मराठीत. भाषा परत येताना असंच होतं. कधी आईच्या मांडीवरची आधी येते, कधी सगळ्यांत शेवटी शिकलेली.

शब्द तीनच होते. "सून. मी. ढकल."

श्रीनिवासनं ते ऐकले आणि महादेवीला माहेरी पाठवून दिलं.

मला हे त्यानंच पहिल्या दिवशी खोलीत सांगितलं. आई शेजारी चाकाच्या खुर्चीत होती. तिच्यासमोरच तो म्हणाला, "वकिलाशी बोलून ठेवलंय, मॅडम. ही जरा बरी झाली की मोकळं करून टाकायचं."

"डॉक्टरांनी सांगितलं ना, झटका रक्तदाबामुळं आला?"

"सांगितलं की. पण आई स्वतः बोलती हाय. आई खोटं बोलंल व्हय?"

मी राजव्वांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहून अगदी स्पष्ट म्हटलं, "सून. मी. ढकल." मग मान हलवली, जणू हे तसं नव्हे, आणि पुन्हा तेच म्हणाल्या.

मी कागद ओढला आणि श्रीनिवासला दोन वाक्यं लिहून दाखवली. 'सुनेनं मला ढकललं.' 'सुनेला मी ढकललं.' मग दोन्हींतले प्रत्यय खोडले. दोन्हीकडे तेच तीन शब्द उरले.

त्यानं कागद उचलून डोळ्यांजवळ नेला. "पण मॅडम," तो म्हणाला, "पडलेली तर आई हाय की."

मी तो कागद राजव्वांच्या फाइलमध्ये ठेवला.

वाचक म्हणतील, सरळ विचारायचं की बाईंना. विचारलं. पण ह्या आजारात 'हो' आणि 'नाही' यांची अदलाबदल होते. पेन दाखवून "हे पेन का?" म्हटलं तर त्या "व्हय" म्हणायच्या, आणि तेच पेन दाखवून "हा हत्ती का?" म्हटलं तरी "व्हय". मुलगी आईला पाणी देतेय आणि आई मुलीला पाणी देतेय, अशी दोन चित्रं ठेवली तर कुठल्याही एकावर बोट. कुणी कुणाला, हेच तर पुसलं गेलं होतं. दोन बाहुल्या दिल्या, म्हटलं, काय झालं ते करून दाखवा. त्यांनी दोन्ही बाहुल्या डाव्या हातानं मांडीवर निजवल्या आणि थोपटत बसल्या.

महादेवी एकदा येऊन गेली. श्रीनिवास नसताना, सासूला लांबूनच बघून. दारातच उभी राहिली. कपाळावरची खपली अजून ओली होती.

"म्याडम, मी पाठमोरी हुते. माळ्यावरचा डबा काढत हुते. मागनं असा धक्का बसला की भिंतीवर गेले. वळून बघती तर अत्ते खाली." तिनं पदर कपाळावर ओढून घेतला. "अत्तेनीच ढकललं मला. सकाळी आमची वादावादी झाली हुती. पण हे कुणाला सांगू? आजारी बाईवर आळ घेती म्हणत्याल."

"श्रीनिवासला सांगितलंस?"

"त्यांनी इचारलंच न्हाई की."

ती अक्कलकोटच्या गाडीला निघून गेली. मी कुणाचंच खरं धरलं नाही आणि कुणाचं खोटंही. माझं काम ऐकण्याचं होतं, आणि ऐकण्यासाठी आधी वाक्य यायला हवं होतं.

काही दिवसांनी, टेबलावरचं ऊन बघत बसले असताना, माझ्या लक्षात आलं की मराठीत ते वाक्य येऊनही फारसा उपयोग नाही. अशा क्रियापदांच्या भूतकाळाची आपल्याकडे एक सवय आहे. मी ढकललं, तिनं ढकललं, त्यांनी ढकललं. माणसं बदलली तरी क्रियापद तेच. कोणी केलं हे क्रियापद सांगतच नाही, ते काम 'नं' आणि 'ला' करतात. आणि राजव्वांचे नेमके तेच गेले होते.

तेलुगूत तसं नाही. तिथं करणारा क्रियापदाच्या शेवटी येऊन बसतो. मला तेलुगू वाचता येत नाही, पण पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांबरोबर इतकी वर्षं काढली की कानाला सोलापूरचं तेलुगू बऱ्यापैकी कळतं. पुस्तकातलं नव्हे, घरांत बोललं जाणारं. 'नूकिन' म्हणजे मी ढकललं. 'नूकिंदि' म्हणजे तिनं ढकललं. ह्या 'दि'ची एक गंमत आहे. आपल्याकडे तो, ती, ते अशी तीन लिंगं. तेलुगूत एकट्या पुरुषाला वेगळा मान, आणि बाई, मांजर, घंगाळ सगळ्यांना मिळून हा एक 'दि'. बायकांनी रागवावं अशी गोष्ट आहे, पण मला तेव्हा तो 'दि' फार मोलाचा वाटला. एका अक्षरावर सगळं उभं होतं. शेवटी 'न' आला तर एक, 'दि' आला तर दुसरं.

मी श्रीनिवासला म्हटलं, "उद्यापासून आईशी आपण तेलुगूत काम करायचं. शब्द तू द्यायचेस. पण त्या दिवसाचा विषय काढायचा नाही. ढकलणं हा शब्दसुद्धा नाही. आपण तिच्या तोंडात काही घालायचं नाही."

"मग बोलायचं काय?"

"चहा प्यायचा."

कारखाना सुटला की तो यायचा. तिघांसाठी चहा यायचा. तो घोट घेऊन म्हणायचा, "नेनु तागिन." मी प्यायले. म्हणजे प्यालो, तेलुगूत 'मी' बाई की बुवा हे क्रियापद विचारत नाही. मग मी घोट घ्यायची आणि तो माझ्याकडे बोट करायचा, "तागिंदि." ती प्यायली. असं चहाचं, मग बिस्किटाचं, मग खिडकी उघडण्या-लावण्याचं. राजव्वा बघायच्या. ओठ हलायचे. कधी नुसतं "ताग... ताग..." यायचं, कधी डोळे मिटून त्या कुठंतरी लांब जायच्या आणि परत यायच्या. आठवडे गेले. बाहेर चिंचेला फुलं आली आणि व्हरांड्यात त्यांचा बारीक पिवळा सडा पडायला लागला. एका संध्याकाळी त्यांनी कप खाली ठेवला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तागिन."

श्रीनिवास हसला. मग माझ्याकडे बोट करून त्याच म्हणाल्या, "तागिंदि." तेव्हा मात्र त्याला हसू आवरेना. आईही हसली, अर्ध्याच ओठांनी. मी घरी जाताना वाटेतल्या सगळ्या माणसांकडे बघत होते. कुणी हातगाडी ढकलत होतं, कुणी कुणाला हाक मारत होतं, आणि एवढ्या सगळ्यांच्या तोंडी प्रत्यय कसे बिनबोभाट येत होते, ह्याचं मला नवल वाटत होतं.

पुढची पायरी म्हणून मी त्याला घरातल्या वस्तूंचे फोटो काढून आणायला सांगितले. दुसऱ्याच्या भांड्यांपेक्षा आपली भांडी माणसाला लवकर बोलतं करतात. त्यानं मोबाइलवर आणले. चूल, तांब्या, देव्हारा, दोरीवरची साडी. राजव्वा एकेकाला नाव देत होत्या, अडखळत, तेलुगू-मराठी मिसळून. मग माळ्याचा फोटो आला. घंगाळ कुणीतरी परत वर ठेवलं होतं.

त्यांचा हात थांबला. "गंगाळम."

श्रीनिवासनं मोबाइल त्यांच्या आणखी जवळ धरला.

"कोडल्नि," त्या म्हणाल्या. कोडलु म्हणजे सून, आणि 'कोडल्नि' म्हणजे सुनेला. मला माझ्याच कानांचा भरवसा वाटेना. 'ला' आला होता. "कोडल्नि... नू... नूकिन."

"नूकिंदि?" श्रीनिवास पुढं वाकला. मी त्याचा हात दाबला, पण त्याच्या तोंडून ते गेलंच होतं.

राजव्वांनी खुर्चीच्या दांड्यावर डावा हात आपटला. चिडल्या होत्या, इतके दिवस कुणी ऐकत नाही म्हणून चिडावं तशा. "नेनु," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्या छातीवर बोट रोवलं. "नूकिन."

मी ढकललं.

श्रीनिवास उठून व्हरांड्यात गेला. मी मागोमाग गेले तेव्हा तो कठड्याला धरून उभा होता.

"म्हणजे महादेवी खरं बोलत हुती," तो म्हणाला. "न्हाई, ती बोललीच न्हाई. मी इचारलंच न्हाई तिला." मग माझ्याकडे वळून, "पण आईनं असं का केलं असंल, मॅडम?"

 प्रत्ययानं कोणी आणि कुणाला, एवढं सांगितलं होतं. का, ते त्यात नव्हतं.

तो अक्कलकोटला गेला. पहिल्या खेपेला महादेवी बाहेर आली नाही. पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेनंतर ती आली, पण घरी नाही, सरळ माझ्या खोलीत. एकटी पुढं, श्रीनिवास मागं. कपाळावर आता नुसता वण होता.

"मला नांदायला यायचं का न्हाई ते नंतर बघू," ती मला म्हणाली. "मला फक्त अत्तेंना इचारायचंय."

ती राजव्वांच्या खुर्चीसमोर उभी राहिली. "का ढकललं मला?"

राजव्वा तिच्याकडे बघत राहिल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच बघत होत्या. त्यांनी डावा हात वर केला. मला वाटलं, कपाळाचा वण चाचपतील. पण हात पोचेना, म्हणून महादेवी नकळत खाली वाकली, आणि तो हात तिच्या टाळूवर गेला. तिथं काहीच लागलेलं नव्हतं. राजव्वा टाळूवरून बोटं फिरवत राहिल्या. ऊन टेबलावरून उतरून जमिनीवर आलं होतं.

"गंगाळम," त्या म्हणाल्या. "पडतदि..."

पुढं काही येईना. ओठ जुळायचे, सुटायचे. श्रीनिवासनं तोंड उघडलं, मी त्याला मानेनंच नको म्हटलं. यंत्रमागांचा आवाज एकाएकी मला पुन्हा ऐकू येऊ लागला. मग राजव्वांनी श्वास घेतला आणि तो छोटा शब्द बाहेर आला.

"...अनि."

श्रीनिवास अर्थ सांगणार, तेवढ्यात महादेवीच हळू आवाजात, स्वतःशी बोलावं तसं म्हणाली, "बीळतद अंत."

पडतंय म्हणून.

मराठीत आपण 'म्हणून' हा शब्द दिवसातून कितीदा तरी वापरतो आणि त्यात 'म्हणणं' आहे हे विसरतो. पाऊस येईल म्हणून छत्री घेतली. म्हणजे मनाशी 'पाऊस येईल' असं म्हटलं आणि घेतली. तेलुगूचा 'अनि' असाच 'म्हणणं' ह्या क्रियापदातून आलेला. कन्नडचा 'अंत'ही तसाच. आमचे बांगडीवाले चाचा धड होते तेव्हा नक्कीच 'गिरता बोलके' म्हणत असतील. चार भाषांनी कारण सांगायला एकच वाट धरली आहे: माणूस आधी मनात काहीतरी म्हणतो आणि मग करतो. घंगाळ घसरताना राजव्वांना दिसलं होतं. पडतंय, असं त्या मनात म्हणाल्या, आणि सकाळी जिच्याशी भांडल्या होत्या तिला सगळा जोर लावून भिंतीकडे ढकललं. त्यानंतर लगेच, किंवा त्याच क्षणी, त्यांच्या डोक्यात रक्ताची गुठळी अडकली असणार.

महादेवी खाली बसली. राजव्वांच्या मांडीवर तिनं डोकं ठेवलं नाही की रडली नाही. नुसती त्यांच्या पायांशी बसून राहिली आणि त्यांचा लुळा उजवा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला.

ती लगेच नांदायला गेली असं नाही. श्रीनिवासला तिनं बरेच दिवस तिष्ठत ठेवलं, आणि मला वाटतं, बरोबर केलं. त्या दोघांत काय बोलणं झालं मला माहीत नाही. पण राजव्वांना घेऊन माझ्याकडे मात्र तीच यायला लागली. आधी अक्कलकोटहून येऊन त्यांना घराच्या दारातून घ्यायची, आणि पुढं केव्हातरी घरातूनच. राजव्वांचं बोलणं पूर्ण आलं नाही. आमच्या कामात पूर्ण असं फार थोडं येतं. तीच माझी हुरहूर आहे. कितीतरी माणसं तीन-चार सुटे शब्द घेऊनच माझ्या खोलीतून घरी गेली. त्यांना काय म्हणायचं होतं ते आता कुणालाच कळणार नाही, आणि घरच्यांनी ते शब्द कसे जोडून घेतले असतील ह्याचा विचार आजही कधी कधी दुपारी येतो. राजव्वांपुरतं बोलायचं तर तीन भाषांच्या तुकड्यांची त्यांची एक बोली झाली, आणि ती महादेवीला सगळ्यांत जास्त कळायची.

त्यांच्या उपचारांचा शेवटचा दिवस मला आठवतो. काठी घेऊन त्या चालू लागल्या होत्या. मी म्हटलं, "राजव्वा, जाता जाता एक आख्खं वाक्य सांगा. कुठलंही."

त्यांनी विचार केला. महादेवी त्यांच्या चपला सरळ करत होती.

"मनम पोदाम," राजव्वा म्हणाल्या.

"जाऊ या म्हणतायत," मी म्हटलं.

"ते कळलं की मला," महादेवी म्हणाली. "पण 'मनम' काय? हे मायलेक तर घरात 'मेमु' म्हणत्यात. आमी म्हणजे 'मेमु'. न्हाई का?"

मी तिला सांगितलं. तुझ्या कन्नडात 'नावु' हा एकच शब्द आहे, त्यात समोरचा धरलाय की नाही ते कळत नाही. तेलुगूत मराठीसारखे दोन आहेत. 'मेमु' म्हणजे आम्ही, ऐकणाऱ्याला सोडून. 'मनम' म्हणजे आपण, ऐकणाऱ्याला धरून.

ती चप्पल हातात घेऊन तशीच बसली. "म्हंजे मी बी?"

राजव्वांना उभं राहून राहून कंटाळा आला होता. त्यांनी काठी फरशीवर आपटली आणि तेलुगू क्रियापदाला सोलापूरचा 'की' लावून म्हणाल्या, "पोदाम की!"